वीसपैकी सतरा

एक साधं गणित सोडवा. चिचगडच्या आजूबाजूच्या गावांत एका पावसाळ्यात वीस माणसांना साप चावला, असं धरू. कुणाला रोवणी करताना बांधीत, कुणाला धुऱ्यावर, कुणाला तनसाच्या ढिगात हात घालताना, कुणाला घरात झोपेत. आता असंही धरू की या विसांतल्या एकालाही दवाखान्यात नेलं नाही. सगळ्यांना जाणत्याकडे नेलं. जाणता म्हणजे कुठे मांत्रिक, कुठे पुजारी, कुठे बैगा म्हणतात तो. त्याने झाडफूक केली, पाला चोळला, मंत्र म्हटला, दोरा बांधला. तर वीसपैकी किती जण वाचतील?

आकडा मनात धरा, मग पुढे वाचा.

तुम्ही विज्ञान शाखेचे असाल तर बहुधा दोन, चार, फार तर पाच म्हणाल. घरी आजीला विचारलंत तर ती म्हणेल, "सप्पाच वाचतेत बावा, आपला जाणता पक्का आहे न!" आणि गंमत अशी की आजीचं उत्तर तुमच्या उत्तरापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे. ढोबळ हिशेबाने सतरा जण वाचतील.

हे सतरा आले कुठून? भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या विषारी साठेक. आपल्या शिवारात दिसणारे धामण, पाणदिवड, गवत्या, तस्कर, कवड्या, डुरक्या घोणस हे सगळे बिनविषारी. सर्पदंशाच्या रुग्णाला धीर कसा द्यावा, हे सांगताना डॉक्टरांच्या मार्गदर्शनात एक ढोबळ प्रमाण दिलेलं असतं. शंभरातले सत्तर दंश बिनविषारी सापाचे असतात. उरलेले तीस विषारी सापाचे, पण त्यातल्याही निम्म्यांत माणसाला बाधा होईल इतकं विष शरीरात जातच नाही. विष हे सापाचं शिकारीचं हत्यार आहे. ते तयार करायला त्याला खर्च येतो आणि माणूस काही त्याला गिळायचा नसतो. कधी तो नुसताच दात मारून सुटका करून घेतो, कधी पँटमुळे किंवा चपलेमुळे दात नीट रुततच नाहीत. अशा चाव्याला कोरडा दंश म्हणतात. आता विसांचा हिशेब करा. चौदा जणांना बिनविषारी साप चावला, सहांना विषारी, आणि त्या सहांपैकी विष भिनलं तिघांना. प्रमाण गावागणिक आणि हंगामागणिक कमीजास्त होईल, पण मुद्दा तोच राहील. सतरा जण मंत्र म्हटला तरी वाचणार होते, नाही म्हटला तरी वाचणार होते, शेजारी बसून तुम्ही पाढे म्हटले असते तरी वाचणार होते.

म्हणजे जाणत्याचा निकाल लागला ८५ टक्के. बारावीत एवढे मिळाले तर घरचे पेढे वाटतात.

म्हणून या पानावर आम्ही 'गावचे लोक अडाणी आहेत' हे पालुपद लावणार नाही. शिकलेल्या पोरांची ती आवडती चूक आहे. गावचे लोक डोळ्यांनी पाहून ठरवतात. त्यांनी आपल्या डोळ्यांनी सतरा माणसं बरी झालेली पाहिली आहेत. अनुभवाला खोटं म्हणणारा मुलगा कॉलेजात शिकून आला असला तरी त्याचं कुणी का ऐकावं? अनुभव खराच आहे. घोळ आहे तो अनुभवावरून काढलेल्या निष्कर्षात, आणि तो घोळ प्रत्येक माणसाच्या डोक्यात होतो, तुमच्याही.

अमेरिकेतल्या बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. त्याने आठ भुकेल्या कबुतरांना वेगवेगळ्या पेटीत ठेवलं. ठरावीक सेकंदांनी पेटीत दाणे यायचे. कबुतराने काहीही करो, न करो, दाणे आपल्या वेळेला येणारच. थोड्या दिवसांत आठांपैकी सहा कबुतरं विचित्र वागू लागली. एक गोल गोल फिरायचं, एक पेटीच्या एकाच कोपऱ्याकडे डोकं खुपसायचं, एक मान झुलवायचं. पहिल्यांदा दाणे आले तेव्हा योगायोगाने जे चाललं होतं, तेच केल्याने दाणे येतात अशी जणू त्यांची खात्री झाली होती. ते केलं की दाणे येतच होते ना! न करून पाहायची गरज कुणालाच वाटली नाही.

परीक्षेला एकच जुना पेन नेणारा मुलगा, भारताची विकेट पडू नये म्हणून जागचा न हलणारा काका, ढग दाटले की ठरावीक देवाला नवस बोलणारी पंचमंडळी, हे सगळे त्याच पेटीतले. एखादी गोष्ट केली आणि नंतर चांगलं झालं, की त्या दोहोंची गाठ आपलं मन आपोआप मारतं. रानावनात जगणाऱ्या आपल्या पूर्वजांना या सवयीचा फायदाच झाला असणार. झुडूप हललं की वाघ, असं दहा वेळा चुकीचं मानणारा जिवंत राहतो. एकदा चुकीचं न मानणारा राहत नाही. त्यामुळे हे डोकं आपल्याला वारशाने मिळालं आहे आणि शाळेच्या एका धड्याने ते बदलत नाही.

मग खरं-खोटं तपासायचं कसं? वहीच्या पानावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार घरं तयार होतील. मंत्र केला आणि माणूस वाचला, हे पहिलं घर. मंत्र केला आणि माणूस मेला, हे दुसरं. मंत्र नाही केला आणि वाचला, हे तिसरं. मंत्र नाही केला आणि मेला, हे चौथं. आपण सगळे जण फक्त पहिल्या घरातली माणसं मोजतो, कारण तीच दिसतात. वाचलेला माणूस नारळ घेऊन जाणत्याच्या दारी येतो, चार गावांत सांगतो. दुसऱ्या घरातला माणूस सांगायला उरलेला नसतो आणि त्याच्याबद्दल म्हटलं जातं, "उशीर झाला", "काळच आला होता", "वाटेत कुणी शिंकलं". तिसऱ्या घरातला माणूस तर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. अंधारात पायाला काहीतरी चावलं, त्याने लक्ष दिलं नाही, सकाळी उठून बांधीत गेला. त्याची गोष्ट कोण सांगेल? ही चारही घरं भरल्याशिवाय कशालाच औषध म्हणता येत नाही. डॉक्टरांची औषधंसुद्धा याच चार घरांतून पास होऊन येतात, निदान यावीत असा नियम आहे.

जाणता काहीच करत नाही असंही नाही. साप चावला म्हटल्यावर माणूस भयंकर घाबरतो. छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास जोरजोराने घेतल्याने ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते. बिनविषारी साप चावलेला माणूसही असाच गळून पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं, चढलं विष. अशा वेळी ज्याच्यावर विश्वास आहे असा म्हातारा शेजारी बसून म्हणाला, "काही होत नाही, मी आहे", की धडधड खरंच कमी होते. सर्पदंशाच्या प्रथमोपचारात 'रुग्णाला धीर द्या' हीच पहिली पायरी आहे. त्या पायरीपुरता जाणता एखाद्या घाईतल्या डॉक्टरपेक्षा सरस ठरेल. भीतीवर तो उपाय करतो. विषावर त्याच्याकडे उपाय नाही.

आणि आता त्या तिघांकडे येऊ.

आपल्या भागात या तिघांतला एखादा तरी मण्यारचा असण्याची शक्यता मोठी. मण्यार हा काळाभोर, चकचकीत साप. अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने, डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट. छत्तीसगडच्या बाजूला करैत म्हणतात तो हाच. बिनविषारी कवड्याचं याच्या उलट असतं, त्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि मागे पुसट होत जातात. वाचायला सोपं वाटलं ना? मध्यरात्री टॉर्चच्या उजेडात, घरात रडारड चालू असताना हा फरक ओळखायच्या भानगडीत कुणीही पडू नये.

मण्यार दिवसा सुस्त असतो आणि रात्री उंदीर, पाली, इतर साप शोधत हिंडतो. मातीच्या भिंतीची भेग, कवेलूचं घर, कोपऱ्यात धानाची पोती, पोत्यांमागे उंदीर. म्हणजे त्याच्यासाठी आपलं घर हीच शिकारीची जागा. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाचा हात किंवा कूस त्याच्या वाटेत येते आणि तो चावतो. त्याचे दात इतके लहान असतात की मुंगी किंवा डास चावल्यासारखं वाटतं. पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. सूज नाही, आग नाही, रक्त नाही, नीट खूणही नाही. दोनतीन तासांनी पोटात कळ येते, ओकारी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. ओवा देतात, लिंबूपाणी देतात. मग पापण्या जड होऊन खाली येतात. घरचे म्हणतात, झोप येते आहे, झोपू द्या. मग घास गिळता येत नाही, जीभ जड होते, एकाचे दोन दिसतात, मान धरता येत नाही आणि शेवटी छाती हलायची थांबते.

हे आत काय चाललेलं असतं? शेतातल्या मोटारपंपाचं उदाहरण घ्या. मेंदू म्हणजे डीपी, नस म्हणजे तार आणि स्नायू म्हणजे पंप. फरक इतकाच की शरीरात तार पंपाला थेट जोडलेली नसते. मध्ये अगदी बारीक फट असते. नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, ते फट ओलांडून स्नायूवरच्या खाचेत बसतं, तेव्हा स्नायू आखडतो. नागाचं विष स्नायूवरच्या त्या खाचा अडवून बसतं. मण्यारचं विष मुख्यतः तारेचं टोकच जाळतं, म्हणजे निरोप सुटायची सोयच संपते. दोन्हींचा परिणाम एकच. पंप शाबूत, डीपीही शाबूत, पण पाणी बंद. श्वास घ्यायला लागणारे स्नायूही याच यंत्रणेवर चालतात.

सगळ्यात भयंकर गोष्ट ही की हे विष मेंदू बंद पाडत नाही. पापण्या उचलता येत नाहीत, बोट हलत नाही, पण पुष्कळदा आत माणूस जागा असतो. आजूबाजूला चाललेलं त्याला ऐकू येत असतं. अशा माणसाला मेलेला समजू नये. त्याचा श्वास कुणीतरी बाहेरून चालू ठेवला, सुरुवातीला हाताने दाबायच्या फुग्याने आणि मग व्हेंटिलेटरने, तर नसेची जळालेली टोकं काही दिवसांनी पुन्हा वाढतात आणि माणूस उठून घरी चालत जातो. कुठल्याही मंत्राने होत नाही असा हा चमत्कार आहे. फक्त त्यासाठी श्वास थांबायच्या आत दवाखान्यात असावं लागतं.

याच जागी गावठी 'परीक्षा' जिवावर उठते. कडुलिंबाचा पाला चारायचा, कडू लागला नाही तर विष चढलं असं समजायचं. किंवा मिरची चघळायला द्यायची, तूप पाजायचं. घाबरलेल्या माणसाचं तोंड कोरडं पडलेलं असतं, त्याला चव कशीही लागेल, त्यावरून काही ठरत नाही. पण ज्याला खरंच मण्यार किंवा नाग चावला आहे त्याचा घसा गळून गेलेला असतो. त्याने गिळलेलं पोटात न जाता श्वासनळीत जाऊ शकतं. त्याला पाणीसुद्धा पाजायचं नाही.

तिसरा शत्रू घोणस, आपल्याकडे परड म्हणतात ती. तिच्या दंशात फसगत नसते. जागा सुजते, प्रचंड दुखते. तिचं विष रक्त गोठायची सोय संपवून टाकतं, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. हे ओळखायची चाचणी इतकी साधी आहे की अकरावीच्या प्रयोगशाळेत शोभेल. रुग्णाचं ताजं दोनतीन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलेलं आहे. यंत्र नको, वीज नको. ही चाचणी कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते.

प्रतिविष कसं बनतं तेही माहीत असू द्या. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं, वाढत्या मात्रेत टोचतात. घोडा आजारी पडत नाही, पण त्याचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ती त्याच्या रक्तातून वेगळी काढून शुद्ध करतात. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्र चालतं, म्हणून साप मारून पिशवीतून दवाखान्यात न्यायची काहीही गरज नाही. मुंबईच्या परळमधल्या हाफकिन संस्थेचं नाव या कामात जुनं आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. लहान मुलाला प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच देतात. कारण औषध मुलाच्या वजनावर नाही, सापाने सोडलेल्या विषावर मोजायचं असतं, आणि मूल लहान आहे म्हणून साप काही हात राखून चावत नाही.

मात्र प्रतिविष जादू नव्हे. रक्तात फिरणारं विष ते निकामी करतं. मण्यारच्या विषाने आधीच जाळलेलं नसेचं टोक ते जोडून देत नाही. म्हणून या सगळ्या गोष्टीत मिनिटांना किंमत आहे. जाणत्याच्या मंत्राने कुणी मरत नाही. मंत्र संपेपर्यंत गेलेल्या दोनतीन तासांनी मरतो.

देशभरातल्या मृत्यूंची कारणं घरोघरी जाऊन शोधणाऱ्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं साप चावून गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पऱ्हे आणि रोवणीच्या दिवसांत. त्याच पाहणीच्या आधीच्या टप्प्यात दिसलं होतं की चारांतले तीन मृत्यू दवाखान्याच्या बाहेर झाले. घरी, रस्त्यात किंवा जाणत्याच्या ओट्यावर. आपल्या वहीतलं दुसरं घर ते हेच, आणि ते रिकामं नव्हतंच. कुणी त्यात नोंद केली नव्हती. या न मोजण्याची किंमत मागे राहिलेल्यांनाही मोजावी लागते. शेतकरी कुटुंबात सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून २ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे, पण त्याला मृत्यूचं कारण सिद्ध करणारे कागद लागतात. दवाखान्याचं तोंडही न पाहता जाळलेल्या-पुरलेल्या माणसाचे कागद आणायचे कुठून?

कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. कायदा हवाच. पण रात्री दोन वाजता, पाऊस कोसळत असताना, वीज गेलेली असताना कायद्याचं पुस्तक कुणाच्या दारात येत नाही. त्या वेळी घरात जो ठामपणे बोलतो त्याचं चालतं. आणि आज बहुतेक घरांत फोन आणि मोटारसायकल कुणाच्या हातात आहे? तुमच्या.

शेजारच्या नेपाळात हे करून पाहिलेलं आहे. तिथल्या तराई भागातल्या काही गावांत मोटारसायकल असलेल्या स्वयंसेवकांची यादी केली आणि साप चावलेल्याला ताबडतोब उपचार केंद्रावर पोचवायचं ठरवलं. पुढे चालवणारा, मध्ये रुग्ण, मागे धरून बसणारा. सोबत गावात माहिती सांगितली. आधी तिथे दंश झालेल्या शंभरांत दहाच्या वर माणसं दगावायची. नंतर हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आलं. कुठलं नवं औषध शोधलं नव्हतं. रस्त्यावरचा वेळ कापला होता. चिचगडला ग्रामीण रुग्णालय आहे, पुढे देवरी आहे, त्यापुढे गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी दवाखान्यात प्रतिविष फुकट मिळतं. ककोडीकडच्या आतल्या टोल्यांवरून चिचगडपर्यंतचा पहिला टप्पाच खरा अवघड, आणि तोच तुमच्या आवाक्यातला आहे. १०८ ला फोन लावा, पण गाडी यायला वेळ लागणार असेल तर निघा. ज्या अंगाला चावलं ते हलवू नका, फळीला किंवा काठीला सैल बांधा. करकचून दोरी आवळू नका, ब्लेडने कापू नका, तोंडाने चोखू नका. रुग्णाला चालायला, धावायला लावू नका. अंगठी, कडं, जोडवी आधीच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. किती वाजता चावलं, ओकारी किती वाजता झाली, पापण्या कधी पडल्या, हे फोनमध्ये टिपून ठेवा. डॉक्टरला सापाच्या फोटोपेक्षा हे जास्त कामाचं आहे. पावसाळ्यात पहाटे धडधाकट माणसाला अचानक पोटात कळ, ओकारी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या, तर खूण सापडो न सापडो, मण्यार समजून निघा.

आणि जाणत्याचं काय करायचं? त्याला सोबत घ्या. खरंच. घरच्यांचा जीव त्याच्यावर अडकलेला असेल तर दारात वाद घालत अर्धा तास घालवू नका. "आबाजी, तुम्ही मंत्र म्हणा, पण गाडीवर बसून म्हणा" इतकं बोलून दुसरी मोटारसायकल काढा. काही म्हातारे चिडतील, पण बरेचसे येतील, कारण गावात कुणी मेलेलं त्यांनाही नको असतं. शिवाय रानाची जी माहिती या माणसांकडे आहे तिला कमी लेखायचं कारण नाही. तामिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींची सहकारी संस्था १९७८ मध्ये सुरू झाली. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारं बरंचसं विष हीच माणसं साप न मारता काढून देत आली आहेत. त्यांच्यातल्या दोघांना, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. साप ओळखणारी माणसं आपल्या जंगलातही आहेत. त्यांना गुन्हेगार ठरवण्याआधी आपल्या बाजूला बसवून पाहायला काय हरकत आहे?

मोजण्याने काय होतं याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. कोकणात महाडजवळ लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावायची. तिथेही मंत्र होते आणि तिथेही पुष्कळ जण मंत्राने बरे होत. डॉ. हिंमतराव बावस्करांनी एकेका रुग्णाशेजारी रात्र रात्र बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवली. त्या नोंदींतून कळलं की हे विष हृदयाला आणि फुप्फुसाला मारतं. मग त्यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे स्वस्त औषध देऊन पाहिलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. २०२२ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली होती ती खेड्यातल्या दवाखान्यात ठेवलेल्या नोंदीपासून.

बाकी जे प्रश्न नेहमी येतात त्यांची उत्तरं थोडक्यात. साप डूख धरत नाही, माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याइतका त्याचा मेंदू नसतो. पुंगीच्या सुरावर तो डुलत नाही, पुंगीच्या हालण्याकडे बघत असतो. दूध हे त्याचं अन्न नाही. आणि मण्यारपासून वाचायचा सगळ्यात स्वस्त उपाय बहुतेकांच्या घरात आधीपासून पडून आहे. मलेरियासाठी घेतलेली मच्छरदाणी. बाजेवर झोपा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. बाज नसेल तर जमिनीवर झोपतानाही कडा अंथरुणाखाली दाबा. धानाची पोती आणि सरपण झोपायच्या खोलीतून हलवलं तर उंदीर जातील आणि उंदरांमागून येणाराही जाईल.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला आहे. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सांगितलं की सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि मृत्यू कळवणं बंधनकारक करा. कागदावर हे चांगलं आहे. पण आकडे दिल्लीला जाऊन पोर्टलवर बसले तर चिचगडच्या आजीला त्यातलं काय दिसणार? म्हणून आमची मागणी साधी आहे. चिचगडच्या ग्रामीण रुग्णालयाच्या दारात एक काळा फळा लावा आणि त्यावर दर आठवड्याला खडूने लिहा. साप चावून किती जण आले, त्यातल्या किती जणांना विष भिनलं होतं, दंशानंतर किती तासांनी पोचले, किती बरे होऊन गेले, किती दगावले, आणि प्रतिविषाच्या किती बाटल्या आज शिल्लक आहेत. नावं नकोत, फक्त आकडे. ते वाचून जाणताही बघेल, आजीही बघेल, आणि बाटल्यांच्या रकान्यात शून्य आलं तर देवरीच्या कार्यालयात जाऊन जाब विचारता येईल. कॉलेजच्या रासेयोच्या मुलांनी हा फळा सांभाळायची तयारी दाखवली तर दवाखान्याला माणूसही द्यावा लागणार नाही. रोवणी सुरू व्हायच्या आत फळा लागला पाहिजे.